तीन नंबरपुढचा टोमॅटो

“आज्जी, थांब गं, चार नंबर तापलाय!”

सन्मती आतल्या खोलीतून ओरडली आणि मी मांडीवरचं शेंगांचं सूप बाजूला सारून उठले. यंत्र तापलंय म्हटल्यावर मला बसवत नाही. सव्वीस वर्षं मी पिठाच्या गिरणीत तेलाच्या इंजिनाशेजारी काढली. कुठलं यंत्र खरंच कण्हतंय आणि कुठलं नुसतं सोंग करतंय, हे मला भिंतीपलीकडून कळतं. पण त्या वर्षी आमच्या गिरणीत विजेची मोटर होती, तीही एकच. चार नंबर म्हणावं असं घरात काही नव्हतं.

होतं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर. काळं आभाळ, त्यात अधांतरी लटकलेलं एक लोखंडी स्टेशन, आणि स्टेशनच्या पोटात चार जनरेटर. चौथ्याचा काटा तांबड्यात गेलेला.

“भार किती टाकलास त्याच्यावर?” मी विचारलं.

“सगळा.”

“गार इंजिनावर सगळा भार? तुला झोपेतनं उठवून कुणी डोक्यावर पोतं दिलं तर चालशील काय?”

“आज्जी, खेळ आहे हा.”

“खेळातलं असलं म्हणून काय त्याला जीव नाही? निम्मा काढ. रिकामं फिरू दे जरा. मग थोडा थोडा घाल.”

तिनं तसं केलं. काटा खाली आला. कानाला लावायचं ते यंत्र तिच्या गळ्यात लोंबत होतं, त्यातनं एका पोराचा आवाज आला, “ए सन्मती, कोण आहे गं ती? भारी आहे!”

“माझी आज्जी.”

“मग आज्जींना जनरेटरवरच घ्या की!”

मी हसले नाही. मी त्या खोलीत मदतीला गेलेच नव्हते. मी पाळतीवर होते.

झालं होतं असं. माझी सून त्रिशला चार वर्षांपूर्वी माहेरी निघून गेली होती. गेली म्हणण्यापेक्षा मी घालवली. आमचं तेलाचं इंजिन, माझ्या मालकांनी उभं केलेलं, तिनं जाळलं होतं. गार ठेवणाऱ्या पाण्याशिवाय चालवलं आणि पिस्टन आतच अडकून धरला, ब्लॉक तडकला. गिऱ्हाइकं बघत होती. मी तिला तिथंच, पिठाच्या दारात, तोंडाला येईल ते बोलले. ती दुसऱ्या दिवशी गेली. पोरगी शाळेसाठी माझ्याकडं राहिली, आणि मी अट घातली: आईशी बोलायचं नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही, निरोप नाही. माझा मुलगा भूपाल मान खाली घालून हो म्हणाला. तो लहानपणापासून मान खाली घालूनच हो म्हणतो.

चार वर्षं सगळं माझ्या शब्दाप्रमाणं चाललं. मग त्या पावसाळ्याच्या शेवटी सन्मती बदलली. पंधरा वर्षांची पोर, जेवताना गालातल्या गालात हसायला लागली. एकदा भाकरी थापताना तिनं परातीला टिचकी मारली, उगीच, भाकरी झाल्यावर. त्रिशलाची ती सवय. चार वर्षांत विसरलेली सवय आत्ता कुठून आली?

ही आईशी बोलते, मी मनात म्हटलं. पण कशी?

तिचा फोन बघितला, काही नाही. दप्तर झाडलं, काही नाही. शाळेच्या दारात दोन दिवस उभी राहिले. पोरी मला बघून पांगल्या, तेवढंच. उरला तो दुपारी तीन ते पाचचा कॉम्प्युटर.

“बघ सन्मती,” मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, “मला काही सापडलं, की दसरा झाल्या झाल्या तुला वसतिगृहात टाकणार. भूपालनं नको म्हटलं तरी टाकणार.”

“काय सापडायचंय?” ती म्हणाली. पण तिनं माझ्याकडं न बघता ते म्हटलं, आणि माझ्या घरात माझ्याकडं न बघता बोलणारं माणूस खरं बोलत नसतं.

म्हणून मी त्या जनरेटरवर कामाला लागले; सन्मतीनं पडद्याचे दोन भाग केले, एकात ती, एकात मी. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. माऊस धरायला आठवडा गेला. तो मेला हातातनं साबणासारखा सटकायचा. पण बाकी काम ओळखीचं होतं. तेल बघा, काटा बघा, भार बघा. सहा जण त्या स्टेशनवर राहायचे. त्यांना हवा, उजेड, भाजीचा मळा, सगळं त्या चार जनरेटरवर. बोलायचे तिघंच. कॅप्टन म्हणून नाशिकचा एक पोरगा, मिरची म्हणून लातूरची एक पोरगी, ती भाजीचा मळा बघायची, आणि आमची सन्मती. मी चौथी. वाघ्या नावाचा एक कधीमधी यायचा. आणि एक होता पारवा.

खेळाचा नियम असा, की सहांपैकी एकाला खेळच गुपचूप सांगतो, तू घरभेदी. त्यानं सापडू न देता स्टेशन बिघडवायचं. बाकीच्यांनी ओळखायचं, आणि मतं घेऊन संशयिताला दारातनं बाहेर आभाळात ढकलायचं. एकदा बाहेर गेलेलं नाव त्या स्टेशनवर परत यायचं नाही, कधीच.

असला खेळ मला लगेच पटला. प्रत्येक घरात एक घरभेदी असतो, हे मी लग्न झाल्यापासून सांगत आले होते.

पारवा बोलायचा नाही, नुसतं लिहायचा. मी तिसरी शिकलेली. बाकीची पोरं इंग्रजी अक्षरात मराठी लिहायची, ते मला गिचमीड वाटायचं. पारवा तेवढा आपल्या अक्षरात लिहायचा, आणि तेही थोडकं. ‘आले.’ ‘तेल घातलं.’ ‘थांबा जरा.’

‘आले’ म्हणजे तो आला, की ते सगळे आले? की ती आली?

“हा पारवा कोण गं?” मी सन्मतीला विचारलं.

“माहीत नाही. आहे कुणीतरी.”

“बाई आहे की बाप्या?”

“आज्जी, इथं कुणी कुणाला असं विचारत नाही.”

“मग इथं चोराचं चांगलं फावत असेल.”

मी बघितलं, तिचा कान लाल झाला होता.

पारव्याची आणि माझी पाळी एका पाठोपाठ यायची. आधी तो, मग मी. मी पाळीवर गेले की आधी त्याचं काम तपासायची. तेल भरलेलं असायचं. फडकं मारलेलं असायचं. त्या खेळात फडकं मारता येतं, पण कुणी मारत नाही. आणि तो जायचा बरोबर पावणेपाचला. एक मिनिट इकडं नाही, तिकडं नाही. ‘जाते’ असं लिहायचा आणि जायचा.

पावणेपाच. त्रिशला माहेरच्या गावात दूध डेअरीत कामाला होती, संकलन केंद्रावर, कॉम्प्युटरवर फॅट लिहायला. मला हे गावानं सांगितलं होतं, मी विचारलं नव्हतं. सकाळचं दूध आठला संपतं. संध्याकाळचं पाचला सुरू होतं.

तरीही मी म्हटलं, डेअऱ्या हजार आहेत. मग एके दिवशी मी चाकाकडं बघितलं.

त्या प्रत्येक जनरेटरला बाजूला एक चाक होतं, आणि चाकावर एक पांढरी रेघ. पोरं जनरेटर बंद करायची तेव्हा ते चाक कुठंही थांबायचं. पारव्यानं बंद केलेल्या जनरेटरची रेघ मात्र नेहमी वर असायची, अगदी माथ्यावर. तो बंद झाल्यावर हातानं चाक फिरवून रेघ माथ्यावर आणून ठेवायचा. खेळात त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

आमच्या गिरणीत होता. तेलाचं इंजिन हँडल मारून सुरू करायचं म्हणजे दोन गड्यांचं काम. मालक गेल्यावर मी एकटी बाई. रडले नाही, डोकं चालवलं. इंजिन कुठल्या ठिकाणी थांबलं असेल तर दुसऱ्या दिवशी हलकं उचलतं ते शोधून काढलं आणि चाकावर चुन्यानं रेघ ओढली. रात्री कुलूप लावायच्या आधी रेघ माथ्यावर आणून ठेवायची. सकाळी एकटी बाई हँडल मारू शकते. ही युक्ती मी भूपालला शिकवली नव्हती, त्याच्या दंडात जोर होता. आयुष्यात एकाच माणसाला शिकवली.

मी त्या पांढऱ्या रेघेकडं बघत बसले. कॅप्टन कानात विचारत होता, “आज्जी, गेलात का?”

“आहे की. मेलेली नाही,” मी म्हटलं.

तर घरभेदी सापडला होता. माझ्याच घरात, माझ्याच नाकासमोर, माझ्याच विजेवर मायलेकी रोज दोन तास एका ठिकाणी नांदत होत्या. एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या. मी ऐकत असते हे ठाऊक होतं ना. नुसतं एकीनं जनरेटर चालवायचा आणि दुसरीनं त्याच्या उजेडात फिरायचं. मला असा राग आला, की संध्याकाळी भाकरी करपली. पण मी बोलले नाही. दोन दिवसांवर खंडेनवमी होती, त्यानंतर दसरा. सणात घरात तमाशा नको. दसरा होऊ दे, मग दोघींची दाणादाण उडवते, असं ठरवून मी शांत झोपले.

खंडेनवमीला सकाळी गिरणी बंद ठेवली. मोटर पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. हत्यारपात्यारांना त्या दिवशी हात लावायचा नाही, वर्षभर राबतात ती, एक दिवस त्यांचा. मागच्या पडवीत जुनं इंजिन पोत्याखाली होतं. त्याच्यावर मी फूल टाकलं नाही. चार वर्षं टाकत नव्हते.

दुपारी जेवणं झाली आणि सन्मती कॉम्प्युटरपुढं बसली. मी शेजारी. स्टेशनवर पाऊल टाकतो न टाकतो तोच मिरचीचा आरडाओरडा.

“अंधार झालाय माझ्या मळ्यात! पंखे बंद पडलेत! सगळी रोपं जाणार माझी!”

“जनरेटर बघा!” कॅप्टन ओरडला.

मी गेले. तीन नंबर बंद होता. बाकी तीन चालू. तेल होतं. तापलेला नव्हता. कुणीतरी नीट, सावकाश, हातानं बंद केला होता. पांढरी रेघ माथ्यावर. सगळा पुसून लख्ख. त्याच्यापुढं मळ्यातलं एक केशरी फूल ठेवलेलं, आणि फुलाशेजारी एक टोमॅटो.

मी त्या टोमॅटोकडं बघितलं.

त्रिशला लग्न होऊन आली त्या साली पहिल्या खंडेनवमीला नारळ नासका निघाला होता. दुकानं बंद. मी कपाळाला हात लावून बसले. ही एकोणीस वर्षांची पोर आत गेली आणि एक टोमॅटो घेऊन आली. इंजिनापुढं ठेवला आणि म्हणाली, “लाल आहे, गोल आहे, आत पाणी आहे. चालतंय आत्ती.” आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. मला असं हसू फुटलं, की पदर तोंडात कोंबावा लागला. मालक गेल्यानंतर मी तेव्हा पहिल्यांदा हसले असेन.

“सगळे इकडं या!” कॅप्टननं बोलावलं. सगळी जनरेटरच्या खोलीत गोळा झाली. पारवाही होता, कोपऱ्यात.

“आधीची पाळी पारव्याची होती,” मिरची म्हणाली. “मी आधीपासून सांगतेय. बोलत नाही, काही नाही. जनरेटर रिकामे फिरवत बसतो. आज तर बंदच केला. आणि हे काय ठेवलंय? माझा टोमॅटो आहे तो!”

“पारवा, काही बोलायचंय का?” कॅप्टननं विचारलं.

पारव्यानं काही लिहिलं नाही.

“मग मत घ्यायचं. बाहेर टाकायचा?”

“टाका,” मिरची म्हणाली.

“टाका,” वाघ्या म्हणाला.

सन्मतीनं माझा हात धरला होता. तिला माहीत नव्हतं की मला माहीत आहे; तिनं नुसतं काहीतरी धरायला म्हणून धरला होता. “त्यानं नाही केलं,” ती म्हणाली, आणि आवाज फुटला.

“मग कुणी केलं, सन्मती?”

मला काहीही करायचं नव्हतं. मला जे पाहिजे होतं ते ही पोरंच करणार होती. एक मत अजून, आणि पारवा आभाळात. परत यायचा नाही. ना वसतिगृह, ना तमाशा, ना भूपालची खाली गेलेली मान. मी फक्त गप्प बसायचं होतं.

गप्प बसायचा मला सराव होता. चार वर्षांचा.

चार वर्षांपूर्वीही खंडेनवमीच होती. मी पाण्याची टाकी धुवायला काढली होती. टाकीतनं इंजिनाकडं जाणारा पाण्याचा कॉक मी बंद केला, टाकी घासली, भरली, पूजा केली. दसऱ्याला सकाळी दळणाची ही गर्दी. त्रिशलानं हँडल मारलं. अर्ध्या तासात इंजिन धरलं. मी तिला गिऱ्हाइकांपुढं बोलले, ती “टाकी भरलेली आहे आत्ती, पाणीच येत नव्हतं” म्हणत राहिली, आणि गर्दी पांगल्यावर मी मागं गेले. कॉक बंद होता. जसा मी ठेवला होता तसा.

मी तो उघडला.

मग मिस्त्री आला. त्यानं बघितलं, कॉक उघडा, टाकी भरलेली. म्हणाला, “सोनाक्का, पाणी असताना इंजिन असं जळत नाही. कुणीतरी मुद्दाम काहीतरी केलंय.” मी त्याला चहा दिला. एवढंच केलं. बाकी सगळं गावानं केलं.

“सन्मती, सांग की,” कॅप्टन म्हणाला. “कुणी केलं मग?”

सन्मतीनं तोंड उघडलं. ती ‘मी’ म्हणणार होती. मला दिसलं ते. मी तिच्या गळ्यातलं ते यंत्र काढलं आणि माझ्या कानाला लावलं.

“मी केलं,” मी म्हटलं.

“आज्जी? तुम्ही?”

“व्हय. मी. आज खंडेनवमी आहे. तुमच्या नाशकात यंत्रांना विसावा देत नसतील, आमच्याकडं देतात. वर्षभर राबतंय बिचारं. पुसला, फूल वाहिलं, टोमॅटो ठेवला. मिरचे, तुझा टोमॅटो मी घेतला.”

“अहो आज्जी, माझी रोपं मेली!”

“मेली असतील. माझ्यामुळं मेली. पारव्याकडं बोट दाखवू नका. मतं घ्यायची तर माझ्या नावानं घ्या.”

कॅप्टन हसत होता, पण नियम तो नियम. “आज्जी, वाईट वाटतंय हो. पण बाहेर जावं लागणार.”

“जाते की. थांब जरा. अजून एक सांगायचंय.” सन्मतीनं माझ्याकडं बघितलं, या वेळी नीट, डोळ्यांत. “पाण्याचा कॉकही मीच बंद केला होता. टाकी धुवायला. उघडायचा राहिला. आणि नंतर, कुणी बघायच्या आधी, मी गुपचूप उघडून ठेवला. तिनं काही केलं नव्हतं.”

“आज्जी,” कॅप्टन गोंधळून म्हणाला, “पाण्याचा कॉक? इथं जनरेटरला पाणी नसतं.”

“तुझ्या इथं नसेल बाबा,” मी म्हटलं. “उघड दार.”

त्यांनी दार उघडलं. मी गेले. काळंभोर आभाळ, आणि मागं ते स्टेशन बारीक होत चाललेलं, एका बाजूला अंधार, एका बाजूला दिवे. बाहेर टाकलेल्या माणसाला दोन मिनिटांची हवा असते, तेवढा वेळ ऐकू येतं, बोलता येतं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते. शेजारी सन्मती दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती, आणि मी तिच्याकडं बघायचं टाळत होते.

आकडा वीसवर आला. मग कानात काहीतरी खरखरलं, कुणीतरी पहिल्यांदाच बोलायचं बटण दाबल्यासारखं. श्वास ऐकू आला. मग आवाज. चार वर्षं मी तो घरातल्या कुणालाही ऐकू दिला नव्हता.

“आत्ती,” ती म्हणाली. “तीन नंबर सुरू करू काय?”

रोज सकाळी साडेसहाला, हँडल हातात घेऊन, ती असंच विचारायची. मी भाकरी थापत असायचे, आतनंच हो म्हणायचे. त्या दसऱ्यालाही आतनंच म्हटलं होतं, न बघता.

आकडा नऊवर होता.

“कर,” मी म्हटलं. “पण आधी कॉक उघडा आहे काय बघ. मी सांगते म्हणून नको. स्वतः बघ.”